परवाना माणसाबरोबर संपतो: खानापूर तालुक्यातल्या एका घरातल्या दोन बंदुकांचं प्रकरण

गावाचं नाव आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. घटनांचा क्रम, निर्णय आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला भातशेती करणारं हे मराठी कुटुंब. आजोबांनी १९६४ साली बारा बोअरची दुनळी विकत घेतली. बाहेर घोडे असलेली ही जुनी बेल्जियम बंदूक होती. रात्री रानडुकरं भातात उतरली की माळावर जाऊन एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. आजोबांनंतर १९८९ मध्ये ती रीतसर वडिलांच्या नावावर झाली. शेवटच्या दहा-बारा वर्षांत तिने एकही बार केला नव्हता. वर्षातून एकदा खंडेनवमीला ती कपाटातून बाहेर यायची. वडील नळीतून तेलाचा फडका फिरवायचे, विळे, कोयते आणि नांगराच्या फाळाशेजारी तिला पाटावर ठेवायचे आणि झेंडूची माळ घालायचे. दस्त्याला एका बाजूने तडा गेला होता. त्यावर आजोबांनी गावातल्या तांबटाकडून पितळी पट्टी मारून घेतली होती. मुलांना बंदुकीपेक्षा ती पट्टीच जास्त आठवते.

वडील वारले २०२३ च्या गणपतीआधी चार दिवस. वय ८१. मागे आई, गावात शेती पाहणारा थोरला मुलगा, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा आणि सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली मुलगी.

त्या वर्षी घरात सण नव्हता. त्यामुळे खंडेनवमीला कपाट उघडलंच नाही आणि बंदुकीचा विषय निघाला नाही. परवान्याच्या पुस्तकावर मुदत डिसेंबर २०२५ ची होती. ती पाहून सगळ्यांचा समज झाला की अजून दोन वर्षं वेळ आहे. सगळी गुंतागुंत या समजातून सुरू झाली.

अडचण

१६ मार्च २०२४ ला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. दुसऱ्याच दिवशी ठाण्यातून वडिलांच्या नावाने निरोप आला: बंदूक जमा करा. दर निवडणुकीला येतो तसाच हा निरोप. थोरल्याने फोनवर सांगितलं, "वडील गेलेत, सप्टेंबरात." पलीकडून लगेच प्रश्न आला, "मग बंदूक कुणाच्या ताब्यात आहे?"

परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नाही. परवानाधारक वारला की त्या दिवसापासून बंदूक विनापरवाना होते, मग पुस्तकावरची मुदत काहीही असो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार, ताबा बेकायदा ठरला की शस्त्र आणि काडतुसं अनाठायी विलंब न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. इथे सहा महिने उलटले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. कपाटाला कुलूप होतं, हेतू चांगला होता, या गोष्टी अधिकारी ऐकून घेऊ शकतो. कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी सूट नाही.

त्याच संध्याकाळी कागद शोधायला थोरला चुलीवरच्या माळ्यावर चढला. तिथे घोंगडीत गुंडाळलेली दुसरी बंदूक सापडली. लांब नळीची, ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, आणि टोपीवर, म्हणजे घोड्याखाली ठेवलेल्या ठिणगीच्या टोपीवर, चालणारी. तिचा परवाना घरात कुणी पाहिला नव्हता. आईने लग्न होऊन आली तेव्हा ती पाहिली होती. नंतर ती कुठे गेली हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

ठासणीची बंदूक आणि तिच्यातला खरा धोका

या प्रकरणातली सर्वांत नाजूक वेळ हीच होती, आणि ती कायद्याची नव्हती. पुतण्याने बंदूक खांद्याला लावून फोटो काढायला घेतला. आईने ओरडून त्याला थांबवलं, म्हणून पुढचं टळलं.

जुन्या ठासणीच्या बंदुका अनेकदा भरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या सापडतात. डुक्कर आलं तर हाताशी असावी म्हणून दारू, बोळा, छर्रे आणि वर पुन्हा बोळा ठासून ती टांगायची, बाहेरची टोपी तेवढी काढून ठेवायची, अशी रीत होती. काडतुसाच्या बंदुकीसारखी ती मोडून आत बघता येत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. खानापूरच्या पावसात दुसऱ्या कुठल्या जागी तिचा चिखल झाला असता, पण चुलीवरच्या माळ्यावर धुराने आणि उबेने ती कोरडी ठणठणीत राहते.

शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार राहतात. त्यांनी बंदूक उचलूच दिली नाही. नळीचं तोंड मातीच्या भिंतीकडे ठेवून, घोड्याला हात न लावता, एक सरळ बांबूची काठी हलकेच नळीत सोडली आणि तोंडाशी खूण केली. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून टोपी बसते त्या जागेपर्यंत मोजलं. बाहेरून ९६ सेंटिमीटर भरलं, आत काठी ८७ वर थांबत होती. म्हणजे तळाशी ९ सेंटिमीटर काहीतरी बसलेलं होतं. नळी रिकामी असती तर दोन्ही मापं जवळपास सारखी आली असती.

भार काढायचा प्रयत्न त्यांनी केला नाही आणि तो कुणी करूही नये. गज घालून ओढताना ठिणगी पडू शकते. बार काढून रिकामी करणं तर त्याहून वाईट, कारण गंजलेली नळी फुटते. बंदूक होती तिथेच ठेवली, खोलीला कुलूप लावलं, चूल त्या दिवशी परसात पेटवली.

समोरचे मार्ग

दुनळीबाबत तीन वाटा होत्या.

पहिली, विक्रेत्यामार्फत विकून टाकणं. हे सगळ्यांत सरळ होतं. पण जुन्या घोड्याच्या बंदुकीला किंमत नगण्य येते आणि आई तयार नव्हती. "ती घरातनं गेली तर ह्यांचं काय ऱ्हायलं मग?" या तिच्या प्रश्नाला मुलांकडे उत्तर नव्हतं.

दुसरी वाट, धाकट्याने पुण्यात नेणं. त्याची इच्छा मनापासून होती. पण अर्ज राहत्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याकडे करावा लागतो, म्हणजे पुण्यात पोलीस आयुक्तांकडे. तिथून परवाना मिळाल्यावरच बंदूक रीतसर परवानगीने दुसऱ्या राज्यात नेता आली असती. फ्लॅटमध्ये ती सुरक्षित ठेवायची सोय हा आणखी एक प्रश्न होता. बहिणीचं घर चंदगडात, चाळीस किलोमीटरवर, तरी तिच्याबाबतही हेच होतं. सोयरिका सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, परवान्याचं क्षेत्र मात्र कागदावर लिहिलेलं तेवढंच असतं.

तिसरी, थोरल्याने वारस म्हणून बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणं. शेती गावातच असल्याने पीकरक्षणाचं कारणही खरं होतं. अडचण एक होती: सीमाप्रश्नाच्या एका मोर्चात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं होतं, पण पोलीस अहवालात तो उल्लेख येणार हे उघड होतं. गावातल्या एकाने सल्ला दिला, "लिहूच नको, सुटलायस ना." वकिलांनी उलट सांगितलं: अर्जात विचारलेलं सगळं लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. या भागातल्या कित्येक घरांत असे गुन्हे आहेत, त्यामुळे हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. सुटलेला गुन्हा अपात्र ठरवत नाही. लपवलेली माहिती मात्र एकटीच अर्ज फेटाळायला पुरते.

ठासणीच्या बंदुकीबाबत सल्ले बरेच आले, बहुतेक चुकीचे. मलप्रभेत सोडून द्या, असं काहींचं म्हणणं. म्हणजे भरलेली बंदूक उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीत, जिथे पोरं मासे पकडतात. दुसरं म्हणणं, ती पुराणवस्तू आहे, काचेत लावा. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे हे खरं. पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये, ही अट त्याच वाक्यात आहे. आणि ते ठरवणं घरच्या लोकांच्या हाती नसतं. गावच्या लोहाराकडून नळीत शिसं ओतून घ्या, असंही सुचवलं गेलं. भरलेल्या नळीत तापलेलं शिसं म्हणजे काय होईल हे सांगायला नको. कोडगूत (कूर्गमध्ये) परवाना लागत नाही, हा दाखलाही आला. ती सूट तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा नावाच्या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना आहे, सगळ्या कर्नाटकाला नाही.

उरला एक मार्ग. स्वतः होऊन कळवणं.

काय केलं

१८ मार्चला सकाळी वकिलांनी दोन वेगळी पत्रं तयार केली. मजकूर मराठीत लिहून सोबत कन्नड प्रत जोडली, त्यामुळे ठाण्यात भाषांतरासाठी अडलं नाही. पहिल्या पत्रात वडिलांच्या मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, युनिक आयडी क्रमांक, बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या. दुसऱ्यात ठासणीची बंदूक कधी, कुठे, कुणाच्या समक्ष सापडली, ती भरलेली असल्याचा संशय, आणि ती जागेवरून हलवलेली नाही हे स्पष्ट शब्दांत. आधी पीएसआय साहेबांना फोन, मग पत्र.

दुनळी बेळगावच्या विक्रेत्याकडे न्यायची की सहा किलोमीटरवरच्या ठाण्यात, यावर चर्चा झाली. विक्रेता महिन्याचं भाडं घेतो, पण बंदूक नीट ठेवतो. तरी ठाणं निवडलं, कारण विनापरवाना हातात बंदूक जितका कमी वेळ असेल तितकं बरं. नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या, काडतुसं वेगळ्या डब्यात घेतली आणि दिवसाउजेडी, वाटेत न थांबता नेली. काडतुसं मोजली तर १४ भरली, पुस्तकात शिल्लक ११ होती. तीन जुनी, कागदी पुंगळीची, दमटपणाने फुगलेली. ती विहिरीत टाकायचा मोह टाळून तशीच जमा केली आणि फरक पत्रात नोंदवला.

पावतीत पहिल्यांदा फक्त "एक दुनळी बंदूक" असं लिहिलं गेलं. थोरल्याने तिथेच आग्रह धरून नंबर, बोअर, नळीची लांबी, पितळी पट्टीची खूण आणि काडतुसांची संख्या घालून घेतली. नंबर लिहिताना पुस्तकातला एक अंक आणि बंदुकीवरचा अंक जुळेना. झिजलेला १ कधीतरी ७ वाचला गेला होता. तो फरक तेव्हाच पंचांसमोर नोंदवला नसता तर पुढे वारसाच्या अर्जात ही बंदूक तीच, हे सिद्ध करणं अवघड झालं असतं.

ठासणीची बंदूक नेण्यासाठी पोलीस घरी आले. पंचनामा झाला. जिल्हा पोलिसांच्या शस्त्र कारागिराने आधी टोपीच्या जागेतून पाणी घालून दारू भिजवली, नंतर ती ताब्यात घेतली. तपासणीत आत दारू आणि शिशाचे छर्रे निघाले. घोडा आणि चाप चालू होते, म्हणजे कलम ४५ ची सूट लागू होत नव्हती. परवान्याचा कागद नाही, म्हणून वारसा सांगता येईना. कुटुंबाने ती सरकारजमा करायला लेखी संमती दिली. गुन्हा दाखल झाला नाही. पण हे अधिकाऱ्याचं तारतम्य होतं. स्वतः कळवलं की गुन्हा होणार नाही, अशी हमी कायदा देत नाही, म्हणूनच वकिलाशिवाय हे पाऊल उचलू नये.

मग वारसाचा अर्ज. नमुना ए-१, मरण दाखला, वंशवृक्ष दाखला, आई, भाऊ आणि बहीण यांची नोटरी केलेली संमतिपत्रं, शेताचा उतारा, ओळख आणि वयाचे पुरावे, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत. वंशवृक्षात तलाठ्याने बहिणीचं नाव लग्नाआधीचं लिहिलं होतं, संमतिपत्रात नंतरचं. एवढ्यावरून अर्ज सहा आठवडे मागे पडला. पोलीस अहवालात मोर्चाच्या गुन्ह्याचा उल्लेख आलाच, पण निकाल सोबत असल्याने एका सुनावणीत तो मुद्दा मिटला.

निष्पन्न

अर्जानंतर नऊ महिन्यांनी थोरल्याच्या नावाने परवाना मिळाला. बंदूक परत आली तेव्हा उजव्या नळीत काडतूस बसते त्या जागेपुढे गंजाचं कडं पडलं होतं. एक पावसाळा ती ठाण्यात कापडी पिशवीत राहिली होती. कापड ओल धरतं आणि ती लोखंडालाच देतं.

विक्रेत्याच्या कारागिराने नळ्या तपासल्या. त्यांच्या बुडाला बेल्जियममधल्या लीज शहराच्या बंदूक तपासणी केंद्राची ईएलजी मोहर होती, पण बिनधुराच्या दारूसाठी असते ती सिंहाची आणि पीव्ही अक्षरांची मोहर नव्हती. तेलाने पुसल्यावर नळीवर वळ्यावळ्यांची नक्षी दिसू लागली, म्हणजे पट्ट्या पिळून घडवलेली दमास्कस नळी. काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची भरली. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस तिच्यात सहज जातं, आणि धोका नेमका तिथे आहे. ७० हे माप बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीचं असतं. तोंड उघडायला पुढे जागा उरली नाही की दाब वाढतो आणि जुनी नळी फाटते. यापुढे या बंदुकीतून बार काढायचा नाही, असं कुटुंबाने ठरवलं. लग्नात किंवा मिरवणुकीत तर नाहीच; इतरांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

बंदूक नव्हती त्या २०२४ च्या खंडेनवमीला पाटावर आजोबांचा काडतुसांचा रिकामा चामडी पट्टा ठेवला होता. आईने त्यालाच माळ घातली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी वडिलांच्या हयातीतच गेली. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने परवाना करून देऊ शकतो. वडील ७० चे झाले २०१२ मध्ये. २५ वर्षं भरली २०१४ मध्ये. नियम लागू झाल्या दिवसापासून ते दोन्हीकडून पात्र होते. त्या वेळी स्वतः अधिकाऱ्यासमोर उभे राहून "हा माझा मुलगा" म्हणाले असते तर अर्ज बराच सोपा झाला असता.

ते राहिलं तरी तेराव्यानंतर पहिल्या आठवड्यात बंदूक जमा करायला हवी होती. विकायची, ठेवायची की कुणी घ्यायची, हे भांडण जमा केल्यावर निवांत करता येतं. जमा केलेली बंदूक ठरलेल्या मुदतीत सोडवली किंवा विकली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते, म्हणून मुदतीची तारीख पावतीवर मागून घ्यावी. जून उजाडण्याआधी ती विक्रेत्याकडे हलवण्यासाठी लेखी विनंती केली असती तर गंजही टळला असता. इथे ती विनंती ऑगस्टमध्ये गेली.

कागद मात्र सगळ्यांत आधी शोधायला हवे होते. ते शोधले गेले शेवटी. परवाना मिळाल्यावर आईची लाकडी पेटी आवरताना पातळाच्या घडीखाली एक पिवळा पडलेला कागद मिळाला. छापील भाग इंग्रजी, मुंबई राज्याचा, १९५१ सालचा. पाठीमागे मोडीत शेरा. मोडी वाचणाऱ्याने वाचून दाखवलं: भातपिकाच्या रक्षणासाठी ठासणीची एक बंदूक, आजोबांच्या नावे. नूतनीकरणाचे शिक्के तीन. त्यातला शेवटचा म्हैसूर राज्याचा, दुनळी घेतली त्याच्या आदल्या वर्षीचा.

हा कागद मार्चमध्ये हाती असता तर ठासणीची बंदूक परत मिळाली असती असं म्हणता येत नाही. साठ वर्षं नूतनीकरण नव्हतं. पण पंचनाम्यात ती "मूळ अज्ञात" म्हणून गेली, ते झालं नसतं. आता कुटुंबाने त्याची प्रमाणित प्रत ठाण्याच्या कागदांत जोडण्यासाठी अर्ज दिला आहे. वडिलांचं मूळ परवाना पुस्तक कार्यालयात जमा झालं, त्याच्या फक्त दोन पानांची झेरॉक्स घरी उरली, बाकीचे शिक्के गेले. या कागदाबाबत ती चूक केली नाही. दोन्ही बाजू स्कॅन करून तिन्ही भावंडांकडे ठेवल्या.

मूळ कागद आईने पट्ट्याच्या डब्यात ठेवला. मोडीतला शेरा तिने दोनदा वाचून घेतला आणि एवढंच म्हणाली, "बघ, चोरीची न्हवती ती."